उजवीकडून बोल

माझी नणंद डीजे आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. त्यांच्या डोळ्यांसमोर रंगवलेले केस, रात्रीचा काळा चष्मा असलं काहीतरी येत असावं. प्रत्यक्षात ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. नंबरच्या काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, दाबून बसवायच्या. गिऱ्हाईक पुढे, ती मागे. दुकानाच्या मालकांना ती फार आवडते, कारण तोंड उघडत नाही आणि काच तडकू देत नाही.

घरात तिला सगळे गुपचूप म्हणतात. नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघत होते, कामावरून आली की चहा घ्यायची, खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. आतून फक्त बटणांची टिकटिक. मला वाटायचं, कसला तरी अभ्यास करते. एकदा इस्त्रीचे कपडे ठेवायला आत गेले तर इस्त्रीच्या टेबलावर एक काळं, चपटं यंत्र, त्यावर दोन गोल चकत्या, आणि ही कानाला हेडफोन लावून डोळे मिटून उभी. खोलीत चिडीचूप, आणि हिचं अख्खं अंग ठेक्यावर हलतंय. मी घाबरलेच. म्हटलं, हिला काही झालं की काय!

मग तिनंच समजावलं. यंत्र दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी टाकून गेलेलं, तिनं तिथून आणलं होतं. एक गाणं चालू असताना दुसरं नुसतं हेडफोनमध्ये ऐकायचं. त्याचा वेग पहिल्याच्या वेगाला जुळवायचा. ठोक्यावर ठोका अचूक बसला की दुसरं हळूच आत सोडायचं आणि पहिलं काढून घ्यायचं. ऐकणाऱ्याला कळता कामा नये एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं.

"मग ऐकणारा कोण आहे?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली.

तेव्हा मी हसले होते.

ती मला तशी थोडी शिष्ट वाटायची, हे आता सांगून टाकते. बाजारात बरोबर निघालो की नेमकी माझ्या डाव्या हाताला यायची. मी बाजू बदलली तर ती पुन्हा वळसा घालून तिथेच. जेवायला टेबलाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात, भिंतीला डावा खांदा लावून. कुणी पाहुणा त्या खुर्चीवर बसला तर ती उभ्यानं जेवेल, पण दुसरीकडे बसणार नाही. कधी मागून हाक मारावी तर ओ देत नसे. मी मनाशी म्हणायची, असतो एखादीचा स्वभाव.

अशी गाण्याला गाणं जोडून केलेली आपली काही मिश्रणं तिनं इंटरनेटवर टाकली होती, तेही गुपचूप याच नावानं. एके दिवशी कामावरून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बोट मशिनीत गेलं. तिनं फोन पुढे केला. एका क्लबात रविवारची संध्याकाळ सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप होता. तुमचं काम ऐकलं, आवडलं, पहिला तास वाजवाल का, लोक तेव्हा नुकते येत असतात, नवख्यांना बरं पडतं. आधी दुपारी एकदा येऊन यंत्रावर हात बसवून जा.

"अगं, मग हे चांगलंच आहे की!"

"वहिनी, मला नाही जमायचं."

आणि ती न्हाणीघरात जाऊन ओकली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते मी पाहिलंय. ताटातलं अन्न इकडून तिकडे करायची. दुकानात आयुष्यात पहिल्यांदा काच तडकवली. मी विचारलं, कशाची एवढी भीती? लोक काय खाणार आहेत का तुला? ती म्हणे, "घरात चुकलं तर मी बटण दाबते आणि परत पहिल्यापासून. तिथे परत पहिल्यापासून नाही." मला ते पटलं. मी म्हटलं, मी येते बरोबर. तेव्हा खरी भीती वेगळीच होती आणि ती ते सांगत नव्हती, हे मला कुठे ठाऊक.

दुपारचा क्लब म्हणजे काय असतं, मी प्रथमच पाहिलं. फिनेलचा वास, खाली चिकट फरशी, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, आणि एक बाई लांब झाडूनं कोपऱ्यातल्या स्ट्रॉ ओढतेय. खिडकी एकही नाही. ट्यूबलाइटमध्ये भिंतीचे पोपडे दिसत होते. एका टोकाला छातीइतका उंच ओटा, त्यावर यंत्रं. भिंतीला लागून कपाटाएवढे स्पीकर. ओट्याच्या डाव्या अंगाला आणखी एक लहान स्पीकर, वाजवणाऱ्याच्याच तोंडाशी.

"मोठे स्पीकर लांब आहेत," तिथला साउंडवाला म्हणाला. पन्नाशीचा, खांद्यावर वायरीचं वेटोळं टाकलेला माणूस. "त्यांचा आवाज हॉलभर फिरून तुमच्याकडे उशिरा येतो. त्याच्यावर जाल तर फसाल. तुम्ही या बारक्याचं ऐकायचं. एक कान हेडफोनला, एक कान याला. सगळे तसंच करतात."

गुपचूपनं मान हलवली. हेडफोन घेतला. उजव्या कानावर चढवला, डावा कान त्या बारक्या स्पीकरकडे मोकळा सोडला. अगदी फोटोत असतात तशी उभी राहिली. मला कौतुक वाटलं.

पहिलं गाणं सुरू झालं. माझ्या बरगड्यांत ठोके बसायला लागले. मग तिनं दुसरं आत सोडलं, आणि दोन माणसं भांडत भांडत जिन्यावरून खाली यावीत तसा आवाज झाला. धडधड, धडाधड, एक पुढे, एक मागे. तिनं झटकन ते मागे घेतलं. पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. घरात मी तिची मिश्रणं हेडफोनची वायर काढून ऐकली होती, लोण्यातून सुरी जावी तशी. हे काय चाललंय मला कळेना. झाडूवाली बाईसुद्धा थांबून बघायला लागली.

मग तिनं त्या बारक्या स्पीकरचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. हेडफोन काढून अंगाला पीळ देऊन उजवा कान त्याच्या जाळीजवळ नेला. मला लांबूनही सहन होईना, मी कानांवर हात ठेवले. साउंडवाला तिच्या डाव्या बाजूला जाऊन ओरडला, "मॅडम, कमी करा! अहो, कमी करा!" ती ढिम्म. तो आणखी जवळ गेला, अगदी कानाशी. तिची पापणी हलली नाही. शेवटी त्यानं हात घालून बटण खाली आणलं. त्याचा हात अचानक दिसल्याबरोबर ती अशी दचकली की मागच्या भिंतीवर आपटली.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?" तो चिडून म्हणाला.

तसं कुणीही कुणालाही म्हणतं. पण तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. ओट्यावरून उतरली आणि थेट बायकांच्या टॉयलेटमध्ये. मी मागोमाग. नळ चालू ठेवून ती बेसिनला धरून उभी होती.

"वहिनी, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. लहानपणापासून. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय."

नळाचं पाणी वाहत राहिलं. एवढी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता, नवऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं. ती जेवणाची खुर्ची, तो बाजारातला वळसा, न दिलेली ओ, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"मग घरी कसं जमतं तुला?"

"घरी मी दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घेते. यंत्रावर त्याचं बटण असतं. एकाच कानात दोन्ही ऐकायची मला सवय आहे."

"मग इथे का नाही तसं केलंस?"

तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "तो म्हणाला ना, सगळे तसंच करतात."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी आपण होऊन तिच्या उजव्या हाताला बसले.  घर जवळ आल्यावर तिनं माझं मनगट धरलं. 

"वहिनी, शिट्टी वाजतेय."

"कुठे?"

"कानात. चांगल्या कानात. आणि बसचा आवाज... लांबून येतोय. उशीतून आल्यासारखा."

 घरी आलो. तिला स्वयंपाकघरात बसवलं. ती खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. म्हणाली, "बोल काहीतरी. थांबू नकोस." काय बोलू? समोर कपडे धुण्याच्या पावडरचा पुडा होता. त्याच्यावर लिहिलेलं मी मोठ्यानं वाचायला लागले. थंड व कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्यानं धुवा. ती माझ्या ओठांकडे बघायची नाही, मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि प्रत्येक वाक्य माझ्यामागून म्हणून दाखवत होती. मधूनच एखादा शब्द चुकायचा. 'कोरड्या'चं 'थोड्या' व्हायचं. असं चुकलं की दोघी थांबायचो, आणि त्या थांबण्यात जी भीती होती ती मला कुणाला सांगता येणार नाही. पुडा संपला. मग डाळीचं पाकीट, मग वर्तमानपत्र.

सासूबाई शेजारून आल्या तेव्हा मी भावपूर्ण श्रद्धांजलीच्या जाहिराती वाचत होते.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मग लेकीचं तोंड पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "कुठला?"

"उजवा," गुपचूप म्हणाली.

सासूबाई खाली फरशीवरच बसल्या. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून त्या नेहमी खुर्चीच घेतात.

"गालगुंड झालं होतं," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, जणू मी जाब विचारला होता. "दुसरीत होती. ताप उतरला, सूज उतरली, मी म्हटलं सुटलो. तिचे केस विंचरत होते, डाव्या बाजूनं काहीतरी विचारलं तर बोलेचना. मला वाटलं, रुसली. डॉक्टर म्हणाले, हा गेला, आता दुसऱ्याला जपा. मीच तिला सांगितलं, बाहेर बोलायचं नाही. लोक उगाच पोरीची कीव करत बसतात, नाहीतर नावं ठेवतात."

"आई, आता ते नको," गुपचूप म्हणाली.

"एक गेला. दुसरा मी घालवू देणार नाही. ते यंत्र उद्या घराबाहेर जाईल."

यंत्र गेलं नाही, पण दाराआडची टिकटिक थांबली. दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत बघितलं, प्रश्न विचारले आणि आवाजापासून लांब राहायला सांगितलं. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. तीन दिवसांनी सकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फ्रिजची घरघर ऐकू येतेय." मी तिच्या गळ्यातच पडले. फ्रिजच्या घरघरीवर एवढा आनंद आमच्या घरात कुणाला झाला नसेल.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "शिट्टी गेली, हे नशीब समजा. दर वेळी जाईलच असं नाही."

"मी वाजवू शकते का?" तिनं विचारलं.  ती हे विचारेल असं मला वाटलंच नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी हो म्हणणार नाही. नाही म्हटलं तर तुम्ही चोरून कराल, म्हणून तेही म्हणत नाही. आवाज कमी, वेळ थोडा, कानाला मापाचं बूच. आणि जिथे जाल तिथे आवाज सांभाळणाऱ्या माणसाला खरं सांगायचं. लपवून करायचं असेल तर मग करूच नका."

बाहेर आल्यावर मी जरा रागावूनच बोलले. "कशाला पण? चांगली नोकरी आहे. घरात वाजवतेस ते आहे. एका कानावर एवढा जुगार?"

ती रस्त्यात थांबली. एक टेम्पो मागे येत होता, तिच्या डावीकडून. मी तिला ओढून घेतलं. तिला टेम्पो कळला नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "मी रोज अशीच चालते. घाबरूनच. लहानपणापासून मला हेच वाटतं की एके दिवशी सकाळी उठेन आणि काहीच नसेल. तेव्हा मी जुळवलेलं कुणी ऐकलेलं नसेल. फक्त मी ऐकलेलं असेल, आणि मलाही आता ऐकू येणार नाही. मला त्याची जास्त भीती वाटते गं."



पुढच्या आठवड्यात दुपारी आम्ही पुन्हा क्लबात गेलो. साउंडवाला शिडीवर चढून दिवा बदलत होता. तिनं खालूनच सांगून टाकलं, एका दमात, जमिनीकडे बघत. तो शिडीवरून उतरला. आम्हाला वाटलं, कौतुक करील, धीर देईल. तसलं काही नाही. तो चक्क घाबरला.

"अहो, मग हे काम कशाला?" तो म्हणाला. "इथे तुम्हाला काही झालं तर? लोक म्हणतील, यानं आवाज वाढवला आणि पोरीचा कान गेला. मी आयुष्यभर काय करू?"

"तुम्ही वाढवू नका. मीही वाढवणार नाही."

"आणि त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो."

"ते मला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली.

त्याला हसावं की नको कळेना. मग खो खो हसत सुटला, आणि तिलाही हसू आलं. हसून झाल्यावर तो कामाला लागला. बारका स्पीकर पूर्ण बंद केला. तिथल्या यंत्रावरही दोन्ही गाणी हेडफोनमध्ये घ्यायचं बटण होतं, ते दाखवलं. हेडफोनचा आवाज एका खुणेच्या वर न्यायचा नाही म्हणून तिथे पांढरी चिकटपट्टी लावली. ठरलं असं की ती हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट लावून वाजवणार. त्यानं बाहेरचा गोंगाटही अडेल.

"पण एक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला हॉल ऐकू येणार नाही. लोक ओरडले, शिव्या दिल्या, आग लागली, तरी कळणार नाही. बघावं लागेल."

हे ऐकून तिचा चेहरा पुन्हा उतरला. आयुष्यभर मागून काय येतंय या धास्तीत जगलेल्या माणसाला सांगायचं, आता दोन्ही कान झाक आणि अनोळखी माणसांपुढे उभी राहा. मी म्हटलं, मी उजवीकडे उभी राहीन. काही झालं तर खांद्यावर हात ठेवीन. उगाच ठेवणार नाही, शब्द देते.

रविवारी बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आत अंधार आणि निळे दिवे. सासूबाईंनी निघताना काही म्हटलं नाही, फक्त मला दाराशी अडवून तिच्या उजव्या कानाकडे बोट दाखवलं. ओट्यावर चढल्यावर गुपचूपकडून हेडफोनची पिन भोकात जाईना. ती मीच घातली. तिला बोलावणाऱ्या क्लबातल्या बाई येऊन म्हणाल्या, "अजून माणसं कमी आहेत, आरामात घे." कमी म्हणजे बारापंधरा. माझ्या दृष्टीनं तो जनसमुदाय होता.

पहिलं गाणं. मग दुसरं. मी श्वास धरून ऐकत होते. कधी एक गेलं आणि कधी दुसरं आलं, मला कळलं नाही. मी चूक शोधत होते, ती सापडली नाही. ती मात्र हसत नव्हती. डोळे सारखे इकडून तिकडे, लोकांच्या पायांवर, खांद्यांवर, दाराकडे. रस्ता ओलांडताना बघते तसे. कुणी मान हलवली की ती त्याच्याकडे बघून खात्री करायची की मान ठेक्यात हलतेय, नकारात नाही. दोन मुली नाचायला लागल्या. मग आणखी कुणी. अर्धा तास असा गेला. 

मग तिचा चेहरा बदलला. तिनं हेडफोन कानावर दाबला. वायर हलवली. पुन्हा दाबला. माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिच्या डोळ्यांत ते टॉयलेट, तो नळ, तो धुण्याच्या पावडरचा पुडा, सगळं दिसलं. तिनं नुसते ओठ हलवून म्हटलं, "गेला." मला वाटलं, कान गेला. 

तिलाही तेच वाटलं होतं, हे नंतर कळलं. तिनं हेडफोन ओरबाडून काढला. हॉलचा आवाज धाडकन तिच्यावर आदळला असणार, कारण ती मागे झुकली. मग तिनं डोळे मिटले, सुस्कारा सोडला. कान जागेवर होता. मेला होता तो हेडफोन.

पण गाणं संपत आलं होतं. पुढचं तयार होतं, पण ते ऐकायला साधनच नव्हतं. बारका स्पीकर बंद. हॉलच्या आवाजावर विसंबावं तर तो उशिरा येणारा. मी साउंडवाल्याला हात केला. तो हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, माणसांतून वाट काढत निघाला. तोवर गाणं संपलं.

शांतता पसरली.

नाचणारे पाय थांबले. सगळी तोंडं ओट्याकडे वळली. कुणीतरी ओरडलं, "झोपलीस काय!" कुणीतरी हसलं. मी गुपचूपकडे पाहिलं. ती पळून जाईल असं मला वाटलं. टॉयलेटचं दार डावीकडेच होतं.  पण ती हलली नाही. मान किंचित वळवून ती ऐकत होती. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज. कुणाच्या टाचा. मागे कुणीतरी खोकलं. पहिल्यांदाच तिला तो हॉल ऐकू येत होता.

मग तिनं जुळवाजुळव न करता पुढचं गाणं सरळ सुरू केलं. शांततेतून पहिला ठोका आला तेव्हा मीही दचकले. एका मुलीनं किंचाळून हात वर केला. तिला ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं असावं. इतरांना तसं वाटलं नाही. दोघं ग्लास घेऊन बाहेरच्या बाजूला निघून गेले, आणि ते गुपचूपनं पाहिलं. साउंडवाला दुसरा हेडफोन घेऊन पोचला, वळसा घालून तिच्या उजवीकडून आला, आधी हात दाखवला, मग दिला. उरलेला वेळ तिनं वाजवलं. एका ठिकाणी जोड जरा खडखडला. बाकी ठीक.

तिच्यानंतर वाजवणारा तरुण ओट्यावर आला. हसतमुख, घाईतला. तिच्या डाव्या खांद्याशी वाकून काहीतरी म्हणाला. ती वळली नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, मग जरा खट्टू होऊन माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. ती वळली. तिचा चेहरा मला माहीत होता, आता ती काहीतरी सबब सांगणार, सर्दी आहे, लक्ष नव्हतं.

"मला या बाजूनं ऐकू येत नाही," ती म्हणाली.  "उजवीकडून बोल."

तो बापडा गोंधळला, "सॉरी सॉरी" म्हणत दुसऱ्या बाजूला आला आणि एवढंच विचारलं, "तुझं शेवटचं गाणं किती वेळ चालेल?" तिनं सांगितलं. बस. आभाळ कोसळलं नाही. पण खाली उतरल्यावर मी तिला पायरीवर बसवलं आणि पाणी आणलं. निम्मं तिनं अंगावर सांडलं.

बाई म्हणाल्या, "मधे जरा ठोका चुकवलास आमचा. पुढच्या महिन्यात येशील?" ती म्हणाली, विचार करून सांगते. घरी येईपर्यंत तिनं विचार केला नाही, नुसती ऐकत होती. बसचं इंजिन, कंडक्टरचा चिमटा, पुढच्या सीटवरच्या बाळाचं रडणं. शिट्टी नव्हती.

आता ती महिन्यातून एकदा वाजवते. पहिलाच तास, त्याच्यापुढे नाही. आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, त्यातल्या एकाला आवाज कमी ठेवणं जमणार नव्हतं, तिनं नाही सांगितलं. दुकानाच्या मालकांना तिनं कानाचं सांगितलं, तर ते म्हणाले, मला वाटलं तू गिऱ्हाइकांना टाळतेस. सासूबाई एकदा क्लबापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत. बाहेरच्या बोळात, छत्र्या अडकवायच्या दांडीपाशी उभ्या राहिल्या आणि दार उघडलं की आत डोकावायच्या. परत येताना म्हणाल्या, "गर्दीत तिच्याकडे बघायला कुणीतरी हवं बाई." म्हणजे मी.

भीती गेली का? नाही. आदल्या दिवशी ती अजूनही जेवत नाही, आणि सोमवारी सकाळी उठल्याबरोबर आधी फ्रिजपाशी जाऊन उभी राहते. मला तिथे दिसली की मीही काही विचारत नाही, तिच्या मान हलवण्याची वाट बघते.

डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी तपासणी लावून दिली आहे. काचेची एक छोटी खोली असते, जाड दाराची. ती आत बसते, बाहेर एक मुलगी यंत्रावरून बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की हात वर करायचा. मी बाकावर बसून काचेतून बघते. मला सूर ऐकू येत नाहीत, मुलीचं बोट तेवढं दिसतं. बोट बटणावर पडतं, आणि गुपचूपचा हात वर जातो. पुन्हा बोट, पुन्हा हात. गेल्या खेपेला एकदा बोट पडलं आणि हात वर आला नाही. मुलीनं पुन्हा दाबलं. आत ती डोळे मिटून, मान वाकडी करून बसलेली. मी बाकाची कड धरली. मुलीनं आवाज किंचित वाढवून तिसऱ्यांदा दाबलं, आणि मग गुपचूपचा हात हळूहळू, खात्री नसल्यासारखा, वर गेला.